आई-बाबा ग्रीन कार्डवर न्यू जर्सीला चाललेत : आरोग्य विमा कुठला घ्यायचा, आणि इथली पॉलिसी बंद करायची का?

नौपाड्याची_लेक

नमस्कार मंडळी. बाबा ७१, आई ६७, दोघंही नौपाड्यात. भाऊ अमेरिकन नागरिक आहे. त्याने केलेल्या अर्जावर दोघांचा इमिग्रंट व्हिसा शिक्का होऊन आलाय आणि चार महिन्यांच्या आत निघायचंय. भावाच्या कंपनीच्या विम्यात आई-वडील बसत नाहीत. राम मारुती रोडवरच्या एका एजंटने १८० दिवसांची ट्रॅव्हल पॉलिसी दाखवली, म्हणाला “ही घ्या, पुढचं तिकडे गेल्यावर बघता येईल.”

बाबांना मधुमेह आणि एक स्टेंट, आईला बीपी. इथे दोघांची मिळून १० लाखांची फ्लोटर पॉलिसी आहे. नऊ वर्षं सलग चालू, एकही क्लेम नाही, पुढचं नूतनीकरण फेब्रुवारीत. हप्ता आता बराच मोठा झालाय, त्यामुळे भाऊ म्हणतो बंद करून टाक. करू का? आणि तिकडे नेमकं काय घ्यायचं, कधी घ्यायचं?

एडिसन_पाचपाखाडी

आधी त्या ट्रॅव्हल पॉलिसीबद्दल. ती प्रवाशासाठी असते, स्थलांतर करणाऱ्यासाठी नाही. बहुतेक भारतीय ट्रॅव्हल पॉलिसींत प्रवासाचा शेवट म्हणजे भारतात परत येणं असं धरलेलं असतं. तुमच्या आई-बाबांचं तिकीट एकेरी आणि व्हिसा इमिग्रंट. क्लेमच्या वेळी पासपोर्टची प्रत मागतात आणि तिथेच मेख बसते. शिवाय आधीपासूनचे आजार वगळलेले असतात. फार तर ‘अचानक बळावलेला त्रास’ एवढ्यापुरतं कव्हर मिळतं, तेही वयानुसार छोट्या मर्यादेत. बाबांचा स्टेंट आणि साखर असताना नेमकं लागेल तेच त्यात नसणार. पहिल्या काही दिवसांची फट बुजवायला एखादी पॉलिसी घ्या, पण ती नव्या स्थलांतरितांना चालते असं अटींत लिहिलेलं असेल तरच.

खरा विमा म्हणजे मार्केटप्लेसचा (खासगी कंपन्यांचे प्लॅन विकणारं सरकारी पोर्टल), ज्याला लोक ओबामाकेअर म्हणतात. न्यू जर्सीचं स्वतःचं पोर्टल आहे, ‘गेट कव्हर्ड एनजे’. ग्रीन कार्डवाल्यांना पहिल्या दिवसापासून तो घेता येतो, जुन्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ नाही, आजार बघून हप्ता वाढत नाही किंवा नकारही मिळत नाही. एरवी नोंदणीचा मोसम नोव्हेंबरमध्ये सुरू होतो, पण नव्याने आलेल्यांना उतरल्यापासून ६० दिवसांची खास मुदत मिळते. ती चुकली की पुढच्या मोसमापर्यंत बसून राहा.

आता तिकिटाची तारीख. प्लॅन निवडला की कव्हर साधारण पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून सुरू होतं. महिन्याच्या ३ तारखेला उतरलात तर जवळजवळ महिनाभर उघडे. २४-२५ला उतरून दोन दिवसांत अर्ज केला तर फट आठवड्याची. पहिला हप्ता भरल्याशिवाय मात्र काहीच सुरू होत नाही, नुसती निवड करून थांबू नका.

अर्ज अडतो तो ओळख पटवण्यात. नवीन माणसाचा तिथे क्रेडिटचा इतिहासच नसतो, त्यामुळे ऑनलाइन प्रश्न नापास होतात. घाबरायचं नाही, कागद अपलोड करायचे. पासपोर्टमधला इमिग्रंट व्हिसा आणि त्यावरचा विमानतळावरचा शिक्का हाच वर्षभर तात्पुरत्या ग्रीन कार्डसारखा चालतो. कार्ड घरी येण्याची वाट पाहू नका. सोशल सिक्युरिटी नंबर आला नसेल तरी अर्ज करता येतो, नंतर जोडायचा. हो, आणि २३५ डॉलरची इमिग्रंट फी प्रत्येकी निघण्याआधी ऑनलाइन भरून टाका. ती भरल्याशिवाय कार्ड छापायला जात नाही.

सेक्टर१२_खारघर

पण दोघंही ६५च्या पुढे आहेत ना? मग मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, मिळतंच की. एवढा महाग प्लॅन कशाला?

एडिसन_पाचपाखाडी

नाही दादा, सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. मेडिकेअरला वय ६५ तर लागतंच, शिवाय कायम रहिवासी म्हणून सलग पाच वर्षं झालेली लागतात. आणि पाच वर्षांनीही ते फुकट नाही. हॉस्पिटलचा भाग ए फुकट मिळतो तो ४० तिमाह्या, म्हणजे दहा वर्षं, अमेरिकेत कर भरून काम केलेल्याला किंवा त्याच्या जोडीदाराला. मुलाच्या तिमाह्या आई-वडिलांना मोजत नाहीत. विकत घ्यायचा तर २०२६चा दर भाग ए महिना ५६५ डॉलर आणि डॉक्टरचा भाग बी २०२.९० डॉलर. माणशी ७६७.९०, दोघांचे दीड हजाराच्या वर, औषधांचा भाग डी वेगळा.

तरी पाच वर्षं भरतील तो महिना आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्याच्या आधीचे तीन, तो एक आणि नंतरचे तीन अशी सात महिन्यांची खिडकी असते. ती हुकली तर भाग बीवर दर पूर्ण वर्षामागे १० टक्के दंड लागतो, तोही भाग बी असेपर्यंत. आणि मधल्या काळात सहा-सहा महिने ठाण्यात येऊन राहिलात की ‘सलग’ या शब्दावर प्रश्न निघू शकतात. सणाला येणं वेगळं, मुक्काम टाकणं वेगळं.

उलट बाजूही सांगतो. फोनवर मार्केटप्लेसचा माणूस “६५च्या वर आहात, मेडिकेअर घ्या” म्हणून वाटेला लावायला बघतो. त्याला शांतपणे सांगायचं : वयाची अट नाही, मेडिकेअर *असलेल्या* माणसाला हा प्लॅन विकता येत नाही एवढंच. यांच्याकडे मेडिकेअर नाही आणि अजून पाच वर्षं मिळणारही नाही. ऐकलं नाही तर वरिष्ठाला मागा.

नौपाड्याची_लेक

फार उपयोगी. हप्ता अंदाजे किती? जुन्या धाग्यांवर वाचलं की उत्पन्न कमी असेल तर जवळजवळ फुकट मिळतो. बाबांचं पेन्शन महिना ४५ हजार, बाकी थोडं व्याज.

एडिसन_पाचपाखाडी

ते जुने धागे आता विसरा. आधी असं होतं की मेडिकेडला (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) पाच वर्षं अपात्र असलेल्या नव्या ग्रीन कार्डवाल्यांना गरिबीरेषेखालचं उत्पन्न असलं तरी केंद्राची हप्त्यातली सवलत मिळायची. २०२५च्या कायद्याने ती वाट १ जानेवारी २०२६पासून बंद झाली. आता सवलतीसाठी उत्पन्न गरिबीरेषेच्या किमान १०० टक्के लागतं. २०२६च्या प्लॅनसाठी दोघांच्या कुटुंबाला ती रेषा २१,१५० डॉलर, म्हणजे रुपयांत १८-१९ लाख. ४५ हजारांच्या पेन्शनने वर्षाचे साडेपाच लाखही होत नाहीत. त्यामुळे सध्याच्या आकड्यांवर पूर्ण हप्ताच धरून चला.

उत्पन्न म्हणजे जगभरातलं : पेन्शन, एफडीचं व्याज, नौपाड्याचं घर भाड्याने दिलंत तर ते भाडं. रेषेच्या वर जात असेल तर दोघांनी मिळून तिकडे रिटर्न भरायचं आणि सवलत मागायची. भावाने त्यांना स्वतःच्या रिटर्नमध्ये अवलंबित दाखवलं तर त्याचं उत्पन्न मोजलं जाईल, मग सवलतीची आशा नको. (बाबांचं पेन्शन अवलंबितासाठीच्या उत्पन्न मर्यादेच्या वर जातंय असं दिसतं. भावाने सीएला विचारूनच तो रकाना भरावा.) कमी-जास्त करून आकडा दाखवू नका, रिटर्नच्या वेळी हिशेब जुळवतात आणि घेतलेली सवलत परत मागतात.

सवलतीशिवाय या वयात मधल्या पातळीच्या सिल्व्हर प्लॅनचा हप्ता माणशी महिना हजार डॉलरच्या पुढे गेला तर नवल नाही. ६४ आणि त्यापुढे सगळ्यांना एकच दर, २१ वर्षांच्या माणसाच्या तिप्पट. न्यूयॉर्क आणि व्हरमाँटमध्ये मात्र वयानुसार दर वाढत नाही. दुसरं भावंड तिकडे राहत असेल तर मुक्काम कुठे करायचा याचा विचार करण्याइतका तो फरक असतो.

ब्रॉन्झ (हप्ता कमी, खिशातून जास्त) की गोल्ड (त्याच्या उलट) हे हप्त्यावरून ठरवू नका. बाबांना कार्डिओलॉजिस्ट, तीन महिन्यांनी रक्त तपासणी, रोजची औषधं हे नक्की लागणार आहे. वर्षाचा हप्ता अधिक खिशातून जाणाऱ्या खर्चाची कमाल मर्यादा अशी बेरीज प्रत्येक प्लॅनची करा, वाईटात वाईट वर्ष त्याच आकड्याचं असेल. आणि दोघांनी एकच प्लॅन घ्यायचं बंधन नाही. आईला ब्रॉन्झ, बाबांना गोल्ड असं चालतं. प्लॅन एचएमओ किंवा ईपीओ (ठरावीक डॉक्टर-हॉस्पिटलांच्या नेटवर्कपुरता) असेल तर नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरचे पैसे इमर्जन्सी सोडून मिळत नाहीत, म्हणून भावाच्या घराजवळचं हॉस्पिटल यादीत आहे का ते आधी बघा.

वागळे_इस्टेट_विमा

मी इथल्या पॉलिसीबद्दल लिहितो. बंद करू नका. भावाला सांगा, हप्ता वाचेल पण नऊ वर्षं जातील.

सलग ६० महिने पूर्ण झाले की कंपनीला ‘आजार लपवला’ असं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच. तुमचे ते कधीच झालेत. मधुमेह-स्टेंटचा प्रतीक्षा काळही संपलाय. परत येऊन नवीन घ्यायची म्हटलं तर २०२४पासून ६५ची वयोमर्यादा उठली आहे हे खरं, पण म्हणून कंपनी स्टेंटवाल्या ७६ वर्षांच्या माणसाला पॉलिसी देईलच असं नाही. दिली तर जुन्या आजारांना पुन्हा तीन वर्षांपर्यंत थांबा. अमेरिकेत मोठ्या ऑपरेशनचं निघालं आणि तब्येत प्रवासाला साथ देत असेल, तर ठाण्यात येऊन करून जाणं हा पर्यायही याच पॉलिसीवर उभा असतो.

हप्ता जड होत असेल तर कमी करायचे मार्ग आहेत. विमा रक्कम १० वरून ५ लाखांवर आणायची आणि वर ५ लाख डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप, म्हणजे ५ लाखांच्या वरचा खर्च देणारी दुसरी पॉलिसी. टॉप-अप नवीन असल्याने त्याचे प्रतीक्षा काळ नव्याने सुरू होतात, आणि तो मिळण्याआधी मूळ रक्कम कमी करायची नाही. नंतर मूळ रक्कम परत वाढवली तर वाढलेल्या भागाला पुन्हा वाट पाहावी लागते. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य आहे, आणि ६० वर्षांपुढच्यांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी इर्डाशी (विमा नियामक) बोलावं लागतं. फेब्रुवारीची नोटीस आली की हे दोन्ही तपासा.

परदेशी गेलेल्यांच्या पॉलिसी बुडतात त्या पैशाअभावी नाही, ओटीपीअभावी. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत मुदत असते, पण त्या दिवसांत आजारपण आलं तर क्लेम नाही, आणि ३० दिवस उलटले की पॉलिसी संपली. ऑटो-पे लावलंत तरी एक लाखाच्या वरच्या हप्त्याला दरवेळी ओटीपी लागतो. तो येतो बाबांच्या भारतीय सिमवर, जे रिचार्ज न केल्याने कधीच बंद पडलेलं असतं. त्यावर उपाय :

- पॉलिसीला तुमचा ठाण्याचा मोबाइल आणि ईमेल जोडून घ्या, बाबांचा पर्यायी म्हणून ठेवा.
- दोन किंवा तीन वर्षांचा हप्ता एकदम भरायची सोय असेल तर भरून टाका.
- कायमचे गेल्यावर त्यांचं साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करावं लागतं. जुन्या खात्यावरचं ऑटो-पे त्या वेळी तुटतं का ते बँकेत विचारा, बहुतेक वेळा नव्याने लावावं लागतं.
- परदेशी राहणार असल्याचं कंपनीला ईमेलने कळवा, उत्तर जपून ठेवा.

आणि जायच्या आधी पॉलिसी वापरून घ्या. मोतीबिंदू पिकत आला असेल तर इथे करा. दात, चष्मा, कानाचं यंत्र यांना पॉलिसी देत नाही, पण खिशातूनही इथेच करा. तिकडच्या मोठ्यांच्या साध्या प्लॅनमध्ये दात सहसा नसतात, मूळ मेडिकेअरमध्ये तर दात, चष्मा, कानाचं यंत्र काहीच नाही.

कोपरी_फार्मसी

बाबांच्या मधुमेहाच्या आणि आईच्या बीपीच्या गोळीचं नाव सांगाल का? ब्रँड नको, मूळ औषध. कारण विमा असून औषध मिळत नाही असं होतं.

नौपाड्याची_लेक

बाबा : व्हिल्डाग्लिप्टिन + मेटफॉर्मिन दोन वेळा, रात्री ग्लिक्लाझाइड. आई : सिल्निडिपिन १०.

कोपरी_फार्मसी

वाटलंच. व्हिल्डाग्लिप्टिन, ग्लिक्लाझाइड आणि सिल्निडिपिन, तिन्हींना अमेरिकेत मान्यता नाही. तिथल्या कुठल्याच दुकानात मिळणार नाहीत, कुठल्याच प्लॅनच्या यादीत नसणार. टेनेलिग्लिप्टिन, गुडघेदुखीची एटोरिकॉक्सिब आणि असेक्लोफेनॅक यांचंही तेच. मेटफॉर्मिन मिळेल.

निघायच्या आठ-दहा आठवडे आधी डॉक्टरांना सांगून तिकडे मिळणाऱ्या औषधांवर बदल करून घ्या. सिटाग्लिप्टिन, ग्लिमेपिराइड, अमलोडिपिन अशी नावं त्यांच्या मनात असतीलच, पण निवड आणि मात्रा त्यांनीच ठरवायची. आधी बदलायचं कारण साधं आहे : नव्या गोळीवर साखर उतरतेय का, पायाला सूज येतेय का, हे इथे ओळखीच्या डॉक्टरसमोर कळलेलं बरं. तिकडे पहिली अपॉइंटमेंटच कित्येक आठवड्यांनी मिळते.

औषधं साधारण ९० दिवसांची न्यायची, मूळ स्ट्रिपमध्ये. डब्यात सुटी करून भरू नका. सोबत लेटरहेडवर इंग्रजीत टाइप केलेली चिठ्ठी, त्यावर मूळ औषधाचं नाव आणि मात्रा. स्टेंटचं इम्प्लांट कार्ड आणि अँजिओप्लास्टीचा डिस्चार्ज कागद हँडबॅगेत. बाबांना एक शब्द आत्ताच पाठ करून द्या : पॅरासिटामॉलला तिकडे ‘ॲसिटामिनोफेन’ म्हणतात. सर्दीच्या मिश्र गोळ्यांत ते बऱ्याचदा असतं, त्यावर आणखी इथून नेलेली पॅरासिटामॉल घेतली की दुप्पट मात्रा पोटात जाते.

सेक्टर१२_खारघर

मेडिकेअरचं माझं चुकलं, धन्यवाद. कॅनडाला सुपर व्हिसावर (मुलांकडे लांब मुक्कामासाठी आई-वडिलांना मिळणारा व्हिसा) जाणाऱ्यांनाही असंच का?

एडिसन_पाचपाखाडी

नाही, तिथे उलट. सुपर व्हिसाला विमा व्हिसाच्या आधीच दाखवावा लागतो : किमान १ लाख कॅनेडियन डॉलर, किमान एक वर्ष मुदतीचा, पैसे भरलेला, नुसतं कोटेशन चालत नाही. आणि सुपर व्हिसावर आलेला माणूस प्रांताच्या सरकारी विम्यात बसत नाही. जुन्या आजारांसाठी तिथे ‘स्थिर’ काळाची अट असते, म्हणजे पॉलिसी सुरू होण्याआधी ठरावीक महिने औषधात किंवा मात्रेत काहीच बदल झालेला नको. त्यामुळे वर कोपरीवाल्यांनी सांगितलेला औषधबदल कॅनडासाठी करत असाल तर आधी पॉलिसीत ते महिने किती ते वाचा, मग डॉक्टरांकडे जा.