जुन्या स्पोर्ट्स कारला जाड स्वे बार: घालावा की नाही?

वळणवेडा:
जुन्या एमजीबीला (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) पुढे जाड स्वे बार (वळणात गाडी झुकू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा, पिळाला विरोध करणारा दांडा) घालायचा म्हटलं की लोक लगेच सोवळं नेसतात. कारखान्यानेच या गाडीत काय काय केलंय बघा. १९७४ च्या अखेरीस रबरी बंपर आले, गाडी वर उचलली गेली आणि त्याच सुमारास खर्च वाचवायला रोडस्टरचा (उघड्या टपाच्या मॉडेलचा) पुढचा बार काढला. गाडी वळणात इतकी झुकू लागली की १९७७ च्या मॉडेलला पुढे-मागे दोन्ही बार द्यावे लागले. मग यातलं 'ओरिजिनल' कुठलं धरायचं?

बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १६ मिमीच्या जागी १९ मिमी घातला की जवळपास दुप्पट. दोन्ही चाकं एकदम उंचवट्यावर चढली तर बार नुसता बुशमध्ये (त्याला धरणाऱ्या रबरात) फिरतो, पाठीला काही जाणवत नाही. नाही आवडला तर काढून ठेवा. बिघडलं काय?

रबरबुश:
असहमत. दुखणं रेड्याला, इंजेक्शन पखालीला. एमजीबीत पुढच्या लिव्हर आर्म डॅम्परचा (तेलाने गाडीचं डुलणं थांबवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या शॉक ॲब्सॉर्बरचा) हात हाच वरचा विशबोन, म्हणजे चाक गाडीला जोडणारा हात असतो. त्यातलं तेल गळून गेलं असेल तर दांडा कितीही जाड आणा, गाडी डुलणारच. ड्रॉप लिंकचे (बारचं टोक सस्पेन्शनला जोडणाऱ्या छोट्या दांडीचे) बुश झिजले असतील तर आणखी गंमत: स्टीअरिंग वळवलं की आधी तो ढिलेपणा भरून निघणार, मग बार कामाला लागणार. नेमकं वळणात शिरताना, जिथे गरज असते, तिथेच तो गैरहजर.

वळणवेडा:
बुश बदलू नका असं कोण म्हणालं? नवीन बार घालताना क्लॅम्पचे आणि लिंकचे रबर बदलतातच. ते करूनही मूळ बारवर झुकाव उरतो, माझं म्हणणं त्याबद्दल आहे.

चारचाकी_गणित:
झुकाव कमी झाला म्हणजे पकड वाढली, असं दोघांनीही धरून चाललंय. वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार सरकणार, हे मुख्यतः गुरुत्वमध्याची उंची, ट्रॅकची रुंदी आणि वळण किती जोरात घेताय यावर ठरतं. त्यातला किती पुढच्या ॲक्सलवर आणि किती मागच्यावर, एवढंच बार ठरवतो. फक्त पुढचा जाड केला की पुढचं बाहेरचं टायर आधी थकणार, म्हणजे अंडरस्टीअर: स्टीअरिंग वळवलं तरी गाडी पुरेशी वळत नाही.

वळणवेडा:
पुस्तकात बरोबर. पण जास्त झुकलं की पुढच्या चाकाचा कॅम्बर (उभा कल) बिघडतो आणि टायर कडेवर चालतं. बारने झुकाव आवरला तर टायर सपाट बसतं. एका हाताने जातं, दुसऱ्या हाताने येतं. मर्यादेत जाड केलेल्या बारने पुढची पकड घटलीच पाहिजे असं नाही.

चारचाकी_गणित:
मर्यादेत, हे मान्य. २२ मिमीवाले ऐकतात कुठे?

स्पॅनरताई:
मागच्या बारबद्दल कोणीच बोलेना. साध्या डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरला) मागे ताठ बार लावलात की आतलं मागचं चाक हलकं होतं आणि वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दिला की नुसतं गरगरतं. आणि स्विंग ॲक्सलच्या (डावा-उजवा अर्धा ॲक्सल वेगवेगळा झुलतो अशा) गाडीला मागे बार? नकोच. ट्रायम्फने १९७० च्या स्पिटफायर मार्क फोरमध्ये काय केलं आठवा: मागची आडवी पाटा स्प्रिंग मध्यावर झुलती केली, म्हणजे मागचा झुकाव-विरोध मुद्दाम घटवला, आणि भरपाईला पुढचा बार जाड केला. एमजीबीचं उत्तर स्पिटफायरला चालत नाही.

बसवताना एक बघा: लिंकचे बोल्ट गाडी चारही चाकांवर उभी असताना शेवटचे आवळा. एक चाक जॅकवर लोंबतंय आणि तशातच लिंक जोडायला गेलं, तर बार पिळावा लागतो, आणि ओढून-ताणून बसवलेलं रबर लवकर फाटतं.

जुनंतेसोनं:
काहीही लावा, चासीला भोकं पाडू नका. ज्या मॉडेलला मागचा बार कधी नव्हताच, तिथे लोक पातळ पत्र्यात बोल्ट मारतात. बार खेचतो तेव्हा पहिली चीर तिथेच पडते.

रबरबुश:
+१. वळणवेडा, बार मागवण्याआधी एक करा. गाडीच्या पुढच्या कोपऱ्यावर दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर डॅम्पर ठीक. दोन-तीनदा डुलली तर बारचे पैसे डॅम्परला लागणार आहेत.

वळणवेडा:
दाबून बघतो. पण डॅम्पर ठीक निघाले तर १९ मिमीच घालणार, आधीच सांगून ठेवतो.