स्पॅनिश शब्दांचं लिंग लक्षात कसं ठेवायचं?

रेवा_कोथरूड
स्पॅनिशची ए-२ (सुरुवातीची दुसरी) पातळी चालू आहे. क्लासमध्ये सांगितलं, शेवटी 'ओ' असला की पुल्लिंगी, 'आ' असला की स्त्रीलिंगी. पुल्लिंगी शब्दापुढे 'एल' लागतं, स्त्रीलिंगीपुढे 'ला'. आणि पुढच्याच पानावर 'ला मानो' (हात) आणि 'एल दिया' (दिवस)! त्यात डोक्यात आधी मराठीच येतं. आपला चंद्र तो, त्यांची 'ला लूना' ती. घर, दूध, नाक, झाड ही आपली नपुंसकलिंगी मंडळी तर कुठे बसवायची तेच कळत नाही. घोकंपट्टीशिवाय काही मार्ग?

सेव्हिलवाली
घोकावं तर लागणारच गं, पण काय घोकायचं ते बदल. सगळे एल-ला लावून पाठ करतात, मी विशेषण लावून करते: मानो देरेचा (उजवा हात), दिया एन्तेरो (अख्खा दिवस), लेचे फ्रिया (थंड दूध). कारण 'एल' फसवतं. 'एल आग्वा' घे. पाणी त्यांच्याकडे स्त्रीलिंगी, पण शब्दाच्या सुरुवातीच्या 'आ'वर जोर असला की त्याला चिकटून येणाऱ्या 'ला'चा 'एल' होतो. विशेषण मात्र बधत नाही: एल आग्वा फ्रिया. अनेकवचनात सरळ लास आग्वास. भूकही तशीच: एल आम्ब्रे, पण खूप लागली की 'मुचा आम्ब्रे'. इथली, स्पेनमधली माणसंसुद्धा 'हे पाणी' म्हणताना सर्रास पुल्लिंगी 'एस्ते आग्वा' म्हणतात, व्याकरणाने स्त्रीलिंगी 'एस्ता' हवं.

पिवळा-पिवळी-पिवळं आपण विचार न करता बोलतो, तेवढं तरी आपल्याला आयतं मिळालंय. माझ्या बॅचमधल्या इंग्रजांना विशेषण बदलतं हेच आधी पचवावं लागलं.

झाडाफळांची जोडी मला फार आवडते. आमच्या रस्त्यावर कडू संत्र्यांची रांगच आहे: झाड एल नारान्खो, फळ ला नारान्खा. अंजिराचं मात्र उलटं, झाड ला इगेरा आणि फळ एल इगो. आणि पुस्तकात उकाडा 'एल कालोर' असला तरी जुलैत लिफ्टमध्ये शेजारणी 'ला कालोर' म्हणून उसासे टाकतात. तू परीक्षेत 'एल'च लिही.

मास्तर_निवृत्त
शेवटाकडे बघावे. -सियोन, -दाद, -तूद असेल तर स्त्रीलिंगी: एस्तासियोन (स्टेशन), सिउदाद (शहर). -आखे असेल तर पुल्लिंगी: वियाखे (प्रवास). ग्रीकमधून आलेले -मावाले बहुतेक पुल्लिंगी: प्रोब्लेमा (समस्या), सिस्तेमा (व्यवस्था), क्लिमा (हवामान), इदियोमा (भाषा). कामा (पलंग) त्यांतली नव्हे, ती 'ला'च. फोतो (फोटो) आणि मोतो (मोटरसायकल) ही फोतोग्राफिया, मोतोसिक्लेता यांची लघुरूपे, म्हणून 'ओ' असूनही 'ला'.

रेवा_कोथरूड
धन्यवाद दोघांनाही! विशेषणवाली वही आजच सुरू. ताई, 'रादिओ'चं काय? आमच्याकडे दोन पुस्तकांत दोन लिंगं आहेत.

सेव्हिलवाली
दोन्ही बरोबर. स्पेनमध्ये ला रादिओ, मेक्सिकोत एल रादिओ. फ्राइंग पॅनचंही तेच, इथे ला सार्तेन, तिकडे एल सार्तेन. तुला कुणाशी बोलायचंय?

रेवा_कोथरूड
ऑफिसचे क्लायंट मेक्सिकोचे आहेत.

सेव्हिलवाली
मग दोन्ही शब्दांना बिनधास्त 'एल' लाव.