आमटी सांडलेला लॅपटॉप सुटा करून विकला तर किती येतील?

मेसवाली_कराड

कराडला विद्यानगरात माझी मेस आहे. इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं जेवायला असतात. हिशोबासाठी एक जुना लॅपटॉप होता, डेल इन्स्पिरॉन ३५४२. मिस्टरांनी २०१५ साली घेतलेला. आय-३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क.

होळीला पुरणपोळीचा बेत होता. काउंटरवर कटाच्या आमटीचं पातेलं आणि त्याला लागून लॅपटॉप. पुढचं सांगत नाही. लगेच बंद केला, उलटा धरला, पुसला आणि तीन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. (तो तांदूळ पोरांना घातला नाही, आधीच सांगते.) आता चार्जर लावला की दिवा लागतो. बटण दाबलं की पंखा एकदा फर्रर करतो आणि गप्प.

दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं दोन मिनिटं बघितलं. म्हणाला, बोर्ड गेला, दुसरा बोर्ड टाकून साडेसहा हजार. मी नको म्हटल्यावर म्हणतो, "मग इथंच ठेवून जा, सातशे देतो." बत्तीस हजारांची वस्तू! उचलून घरी आणला.

डावी बिजागरी आधीपासूनच तुटलेली आहे. स्क्रीनवर चरा नाही. बॅटरी पंधरा मिनिटं टिकायची. चार्जर मूळचाच, चांगला आहे. कीबोर्डला अजून चिंचेचा वास येतो.

याचे भाग सुटे करून विकले तर किती मिळतील? आणि भाव काढायचा कसा? नेटवर कुणीतरी याच मॉडेलचा नुसता स्क्रीन चार हजारांना लावलाय. तेव्हापासून ते सातशे डोक्यातून जात नाहीत.

टवाळ_पाटील

कटाची आमटी म्हणजे गोडा मसाला आला. बोर्डाला फोडणी बसली मावशी. सातशे घ्या आणि नवीन पातेलं आणा, जुनं अपशकुनी आहे.

सोल्डरची_वाफ

मावशी, पुण्यात बुधवार पेठेत अठरा वर्षं हेच करतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

तांदळानं काही होत नाही. पाणी सुकतं ते हवेनं. मीठ आणि चिंच मात्र बोर्डावरच राहतात, आणि तांब्याला हिरवं धरायला लागतं. साधं पाणी सांडलं असतं तर परवडलं असतं. म्हणून किमतीचं नंतर बघू, आधी तो मेलाय की बेशुद्ध आहे ते ठरवा. एखाद्या पोराला सांगा, बॅटरी काढून घे, कीबोर्ड उचल, त्याची चपटी पट्टी बोर्डातून मोकळी कर, मग नुसत्या चार्जरवर चालू करून बघ. ओल्या कीबोर्डात एखादी कळ आतल्या आत दाबलेली राहिली तर मशीन उठत नाही, आणि लोक बोर्डाला दोष देतात. चालू बोर्डाला माझ्याकडे अडीच-तीन हजार आहेत, मेलेल्याला दोनशे-अडीचशे. सगळा फरक तिथं आहे.

उठलाच नाही असं धरून चालू.

तो चार हजारांचा स्क्रीन विसरा. ती मागणी आहे, विक्री नाही. लावणारा वर्षभर लावून बसलेला असतो. विकून झालेल्या मालाचा भाव दिसला तरच तो भाव.

दुसरी गोष्ट, भाग किती भारी आहे याला आमच्या धंद्यात किंमत नाही. तो आणखी किती जणांच्या मशीनला बसतो, याला आहे. तुमचा प्रोसेसर बोर्डावर डकवलेला आहे, निघत नाही, त्यामुळे त्याचा वेगळा भाव नाही. वरचं झाकण, खालचं झाकण फक्त याच मॉडेलला बसतं, आणि बिजागरीची जागाच फुटलेली असेल तर तेही कोण घेईल? स्क्रीनचं उलट आहे. १५.६ इंची, १३६६ बाय ७६८, तीस पिनांचा पातळ पॅनेल म्हणजे आमच्याकडचं पोहे-उपमा. डेल, एचपी, लेनोवो, एसर, त्या काळातल्या कितीतरी मशीनना तोच चालतो. मागच्या स्टिकरवरचा नंबर बघायचा, पट्टीच्या पिना मोजायच्या, आणि स्क्रू अडकवायचे कान वर-खाली आहेत की बाजूला ते बघायचं. मिळते-जुळते असले की झालं. पण तुमचं मशीन उठत नाही म्हणजे पॅनेल न तपासलेला, आणि न तपासलेल्याला निम्मा भाव. एखाद्या पोराच्या लॅपटॉपला दोन मिनिटं जोडून दाखवला तर बाराशे येतील.

रॅमच्या पट्टीवर पीसी३एल-१२८०० असं काहीतरी लिहिलेलं असेल. त्यातला एल महत्त्वाचा, कमी व्होल्टेजची रॅम. २०१३ ते १५ च्या मशीनला तीच लागते, आणि लोक ती मशीनं अजून ओढताहेत, म्हणून ४ जीबीला साडेतीनशे धरा. मूळ चार्जरला साडेचारशे. डेलच्या चार्जरच्या मधोमध एक बारीक पिन असते. ती वाकली-तुटली असेल तर लॅपटॉप चालतो पण बॅटरी चार्ज होत नाही, आणि गिऱ्हाईक परत येऊन माझ्या डोक्यावर बसतं. ती नीट बघा. हार्ड डिस्क तपासून निर्दोष निघाली तर तीनशे. डीव्हीडी ड्राइव्हला दीडशे, तेही आता कमीच. पंखा आणि तांब्याची नळी एकशेवीस, वायफायचं कार्ड ऐंशी, मेलेला बोर्ड अडीचशे (त्यावरचे चार्जिंगचे आयसी, सॉकेट आम्ही दुसरीकडे वापरतो). कीबोर्ड फुकटसुद्धा नको.

बेरीज २,९०० होते. पण ही बेरीज तुमची नाही. प्रत्येक भाग खोलला, तपासला, आणि ज्याला नेमका तोच हवाय तो माणूस दारात येईपर्यंत सांभाळला, तर २,९००. मी अख्खं मशीन न तपासता घेतलं तर अकराशे-बाराशे देईन. कारण चारातला एक पॅनेल बाद निघतो, आणि उरलेला माल दोन-दोन वर्षं फळीवर पडून असतो. तुमच्या दुकानदारानं थोडं जास्तच कापलं, पण चोर म्हणू नका.

बॅटरी फोडायला कुणालाही देऊ नका. आत चार लिथियम सेल आहेत, पोरांना पॉवर बँक करायची हौस असते. सुरीचं टोक चुकीच्या जागी घुसलं की मेसमध्ये दुसरी होळी.

लॅमिंग्टन_वारी

वरच्यांना अनुमोदन. मी एकदा असे तीन मेलेले लॅपटॉप सॅकमध्ये घालून ग्रँट रोडला उतरलो होतो. भर मे महिना. लॅमिंग्टन रोडवर पहिल्या दुकानात पहिला प्रश्न, "टेस्टेड है?" नाही म्हटलं की तो मान खाली घालून आपल्या कामाला लागतो. सहाव्या दुकानात तिन्हींचे मिळून दोन हजार मिळाले, त्यात उसाचा रस आणि टॅक्सी वजा. कराडहून हा उद्योग करू नका. जवळपासचा एखादा दुरुस्तीवाला पोरगा शोधा. त्याला आज एक स्क्रीन हवाच असतो.

अनुस्वार

हार्ड डिस्क विकू नका हो ताई. तीनशे रुपयांसाठी घरातली आधार कार्डं, पासबुकं, फोटो परक्याच्या हातात. डिलीट केलं म्हणजे पुसलं गेलं असं नसतं, फॉरमॅट केल्यावरही बरंच परत काढता येतं. विकायचीच असेल तर सगळ्या डिस्कवर शून्यं लिहून घ्या, त्याची फुकट सॉफ्टवेअर मिळतात, ५०० जीबीला काही तास लागतात. आणि लॅपटॉप मेला म्हणून डिस्क मेली असं नाही. यूएसबीची केबल लावून दुसऱ्या संगणकावर उघडा.

जाता जाता: उरलेला सांगाडा कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, जुना माल गोळा करून रीसायकल करवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर त्याची माहिती असते.

टवाळ_पाटील

बोर्डात सोनं असतं ना? ॲसिडनं काढतात म्हणे.

सोल्डरची_वाफ

पाटील, असतं. डोळ्यांना दिसणार नाही इतकं. त्यासाठी तेजाब आणून फुफ्फुसं जाळून घ्यायची आणि उरलेलं गटारात ओतायचं. हे करणारी माणसं मी पाहिलीत, त्यांच्या बोटांकडे बघवत नाही. हा विषय इथं नको.

मेसवाली_कराड

उशिरा लिहितेय, परीक्षा होत्या, पोरं दोन-दोनदा चहा मागत होती.

सोल्डरभाऊंचं वाचून दाखवलं आणि थर्ड इयरच्या एका पोराला कामाला लावलं. मोबदला श्रीखंड-पुरी. त्यानं स्क्रू काढून ताटात क्रमानं मांडले, मधल्या वाटीत सगळ्यात छोटे. मला बरं वाटलं, शिस्तीचा आहे. कीबोर्डची पट्टी सोडवून चालू केला. पंखा तीन सेकंद जास्त फिरला आणि थांबला. आम्ही दोघं तेवढ्यानंच खूश झालो होतो! मग बोर्ड उलटा केल्यावर दिसलं, कीबोर्डच्या सॉकेटजवळ सगळं हिरवं-पांढरं, पितळी तांब्याच्या बुडाला धरतं तसं. कॉलेजच्या लॅबमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून दात घासायच्या ब्रशनं साफ केलं. काही उपयोग नाही. गेला तो गेलाच.

स्क्रीन त्याच्या मित्राच्या लॅपटॉपला जोडला, लख्ख दिसला. फोटो काढून ठेवला. पोरांनी त्यांच्या ग्रुपवर टाकला, तर मलकापूरचा एक दुरुस्तीवाला मुलगा त्याच संध्याकाळी गाडीवर आला. त्याच्याकडे कुणाचा तरी फुटलेला स्क्रीन दोन दिवस अडलेला होता. मी बाराशे म्हटलं, तो नऊशे, अकराशेला तुटलं. भाकरी-पिठलं खाऊन गेला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

रॅम तीनशेला मेसमधल्याच पोरानं घेतली. चार्जर चारशेला दुसऱ्यानं, पण ते चारशे त्याच्या मेसच्या खात्यात बाकी म्हणून लिहिलेत, म्हणजे मिळतील तेव्हा खरं. उरलेला बोर्ड, पंखा, ड्राइव्ह, झाकणं सगळं पिशवीत घालून परत त्या पहिल्या दुकानात गेले. त्यानं पिशवीत डोकावून बघितलं, हसला, दोनशे दिले. मी पण हसले. साडेसहा हजारांचा विषय त्यानं काढला नाही, सातशेचा मी काढला नाही.

एकूण दोन हजार. त्यातून हार्ड डिस्कच्या केबलचे अडीचशे गेले, श्रीखंडाचं धरत नाही.

डिस्क विकली नाही, अनुस्वारताई. केबल लावून उघडली तर सगळं जागच्या जागी. मिस्टरांचे गावच्या जत्रेतले फोटो, आणि २०१७ पासूनचे मेसचे हिशोब. रात्री बसून पानं चाळत होते, तर २०१९ च्या मार्चमध्ये एका पोराची अकराशेची बाकी. लॉकडाऊन लागला, पोरं घरी गेली, माझ्या डोक्यातून निघूनच गेलं होतं. तो आता हिंजवडीत आहे, नंबर तोच निघाला. फोन केला तर आधी ओळखलंच नाही, मग "मावशी!" म्हणून ओरडला. फोन ठेवायच्या आत पैसे आले, पंधराशे. वरचे चारशे कशाचे म्हणून विचारलं तर म्हणतो, रविवारच्या जादा पोळ्यांचे, त्या तुम्ही कधी लिहायच्या नाहीत.

टवाळ_पाटील

२०१९ च्या मार्चनंतर वर्षभरानं लॉकडाऊन लागला मावशी. वर्षभर उधारीवर जेवला का तो?

मेसवाली_कराड

जेवला. तुमच्यासारखाच टवाळ होता, हसवून हसवून विसरायला लावायचा.

एक राहिलंय. ती बॅटरी अजून स्वयंपाकघराबाहेरच्या खिडकीत एका पत्र्याच्या डब्यात ठेवलीय, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून. पहिला दुकानदार पण घेईना. कराड-साताऱ्याकडे कुठे जमा करतात, कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा, पावसाच्या आत द्यायचीय.