मदत हवी आहे: वसतिगृहाबाहेर उभ्या राहणाऱ्या स्प्लेंडरला कुलूप कोणतं लावू?

मंडळी, मी मूळची सोलापूरची, सध्या गोव्यात विद्यापीठाच्या वसतिगृहात राहते. बाबांची जुनी स्प्लेंडर (एमएच १३, कार्ब्युरेटरवाली) इथे आणली आहे, कारण गोव्यात दुचाकीवाचून पान हलत नाही.

काळजी चतुर्थीच्या सुट्टीची आहे. तेव्हा वसतिगृह जवळजवळ रिकामं होतं. मीही घरी जाणार, पण भर पावसात घाट चढून सोलापूरपर्यंत गाडी न्यायची माझी तयारी नाही. पार्किंगला पत्र्याची शेड आणि लोखंडी खांब आहेत. खांबाजवळची जागा मात्र जो आधी येईल त्याची.

त्यात परवा सकाळी बघते तर पेट्रोलची नळी कार्ब्युरेटरपासून सुटलेली, लोंबकळतेय, आणि टाकी ठणठणीत. पेट्रोलचं एवढं काही नाही. पण ज्याला तिथे बसून निवांत टाकी रिकामी करता आली, त्याला हँडल लॉक तोडायला कितीसा वेळ लागणार?

विमा फक्त थर्ड पार्टी आहे, म्हणजे गाडी गेली तर छदामही मिळणार नाही. दुकानदाराने डिस्क लॉक पुढे केलं. हिला डिस्कच नाही, दोन्हीकडे ड्रम! बजेट दीड-दोन हजार. साखळी घेऊ, अलार्म घेऊ की जीपीएस? आणि बॅटरी काढून खोलीत ठेवली तर उपयोग होईल का?

घाटवाट:
बॅटरी काढून चोर थांबत नाही. ही जुनी स्प्लेंडर बॅटरीशिवायही किकवर चालू होते. सुट्टीत बॅटरी उतरायची नसेल तर जरूर काढ, पण तो वेगळा मुद्दा झाला. जीपीएसचं उलटं आहे, तो गाडीच्याच बॅटरीवर जगतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली की बॅटरी आणि जीपीएस दोन्ही गप्प. अलार्म रिकाम्या वसतिगृहात ऐकणार कोण?

सगळे पैसे साखळीत घाल. सायकलची प्लास्टिकचं आवरण असलेली तारेची कुलपं नकोत, ती कटरने कटकन तुटतात. कडक पोलादाची जाड कड्यांची साखळी घे. पुढच्या चाकातून ओवू नकोस, चाक काढून ठेवतात आणि बाकीची गाडी उचलतात. मागचं हँडल आणि क्रॅश गार्डही बोल्टवरच असतात, म्हणून तेही नको. मागच्या चाकातून आणि स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या लोखंडी दांड्यांच्या) आतून काढून थेट खांबाला आवळ.

अजून एक, साखळी जमिनीवर लोळू देऊ नकोस. फरशीवर टेकलेल्या साखळीवर हातोडा बसतो, कटरची एक दांडी जमिनीला लावून दुसरीवर अंगाचा भार टाकता येतो. वर ताणून बांधलेल्या साखळीवर तसा जोर लावता येत नाही.

सासष्टीकर:
साखळीशी सहमत. पण ताई, आमच्या पावसाचाही विचार कर. कुलपाचं भोक खालच्या बाजूला ठेव आणि जाण्यापूर्वी आत तेलाचे दोन थेंब सोड. नाहीतर परत आल्यावर चोराआधी तुलाच कटर शोधावा लागेल. समुद्र जवळ असेल तर गाडीच्या चेनलाही तेल दे. कव्हर ओल्या गाडीवर घालू नको, आत वाफ धरते आणि गंज चढतो.

जाताना पेट्रोलचा कॉक बंद ठेव. कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडी जाते आणि बंद पडते. चोराला कारण कळायला वेळ लागत नाही म्हणा, पण फुकटचं काम आहे. आरसी साइड कव्हरमध्ये ठेवायची सवय असेल तर आजच काढ, कागदासकट गाडी गेली तर विकणाऱ्याची सोयच. इंजिन आणि चासी नंबरचे फोटो काढून बाबांनाही पाठव. गाडी त्यांच्या नावावर आहे, तक्रार करताना लागतील.

जाता जाता: परराज्यातली गाडी इथे १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर गोव्याचा नंबर घ्यावा लागतो, आणि त्यासाठी सोलापूर आरटीओची एनओसी. चोर येईल न येईल, ट्रॅफिकवाला नक्की येतो.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. साखळी घेतेच. एक मैत्रीण म्हणतेय की सुट्टीभर गाडी तिच्या फोंड्याच्या घरी अंगणात ठेव. कसं वाटतं?

सासष्टीकर:
मग प्रश्नच मिटला, तिथेच ने. फक्त आधी एक विचारून घे, फोंड्याचं घर त्यांचं मूळ घर आहे ना? चतुर्थीला आम्ही सगळे मूळ घरी जमतो. त्यांचा गणपती तिथेच असेल तर अंगणात रात्रीही माणसांची ये-जा असते. पण मूळ घर काणकोणला असेल तर ते सगळे तिकडे जातील, आणि तुझी गाडी फोंड्यात बंद घरासमोर एकटी. तिथेच ठेवलीस तर एक चावी मैत्रिणीकडे दे, पाहुण्यांच्या गाड्या आल्या की हलवावी लागेलच.