शब्दचर्चा : ‘प्रतिनिधित्व’, ‘चित्रण’ की ‘स्थान’?

प्रश्न :
पन्नास-साठच्या दशकांतील फ्रेंच गुन्हेपटांवरील एका लेखाचे मी भाषांतर करीत आहे. ‘रेप्रेझेंटेशन’साठी सर्वत्र ‘प्रतिनिधित्व’ योजले, पण वाचताना राखीव मतदारसंघांची चर्चा चालल्यासारखे वाटते. शिवाय ‘डायव्हर्सिटी’साठी ‘विविधता’ घ्यावी की ‘वैविध्य’? जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर १ :
आपली शंका रास्त आहे. मराठीत प्रतिनिधी म्हटला की त्याला कोणीतरी निवडून किंवा नेमून पाठवलेले असते; पडद्यावरच्या पात्राला मात्र त्याच्या समाजाने पाठवलेले नसते, दिग्दर्शकाने बोलावलेले असते. म्हणून कोण दिसते यासाठी ‘स्थान’ आणि कसे दिसते यासाठी ‘चित्रण’ असे दोन शब्द ठेवावेत.

ही फोड किती आवश्यक आहे, हे ‘रिफिफी’ (१९५५) या चित्रपटावरून कळते. ओग्युस्त ल ब्रेतों यांच्या मूळ कादंबरीत प्रतिस्पर्धी टोळी अरब आणि उत्तर आफ्रिकी माणसांची होती. हॉलिवूडच्या काळ्या यादीमुळे (साम्यवादी असल्याच्या संशयावरून काम नाकारलेल्यांच्या यादीमुळे) युरोपात आलेले दिग्दर्शक ज्यूल्स दासँ यांनी पटकथेत तो वांशिक रोख काढून टाकला आणि टोळीप्रमुखाला ग्रुटर हे जर्मन वळणाचे आडनाव दिले. अल्जीरियातील फ्रेंच सत्तेविरुद्धचे युद्ध १९५४च्या नोव्हेंबरातच पेटले होते, हे लक्षात घेतले तर या बदलाचे मोल कळते. आता येथे प्रतिनिधित्व सुधारले म्हणायचे की घटले? विकृत चित्रण टळले, पण त्याबरोबर त्या माणसांचे कथेतील स्थानही गेले, असे दोन शब्दांत नेमके सांगता येते.

‘ल सामुराई’मध्ये (१९६७) प्रकार उलटा आहे. खून करून बाहेर पडणारा मारेकरी नाइटक्लबच्या बोळात पियानोवादक तरुणीच्या समोरासमोर येतो. ती त्याला स्पष्ट पाहते आणि पोलिसांपुढे मात्र ‘हा तो नव्हे’ म्हणते. ही भूमिका काती रोझिए या कृष्णवर्णीय अभिनेत्रीची आहे. सारे कथानक तिच्या साक्षीवर तोललेले असूनही तिच्या मनात काय चालले आहे, हे आपल्याला जवळजवळ कळत नाही. स्थान मोठे, चित्रण त्रोटक.

उत्तर २ :
वरील फोड मान्य आहे, पण ती पुरी पडत नाही. लुई माल यांच्या ‘आसांसर पूर लेशाफो’मध्ये (१९५८) नायिका झान मोरो रात्रीच्या पॅरिसमध्ये प्रियकराला शोधत भटकते, तेव्हा तिच्या पावलांबरोबर कृष्णवर्णीय अमेरिकी जॅझवादक माइल्स डेव्हिस यांचा ट्रंपेट चालतो. डेव्हिस पडद्यावर कोठेच नाहीत. अशा ठिकाणी ‘सहभाग’ हा तिसरा शब्द लागेल.

‘विविधता’ म्हटले की शाळेतील प्रतिज्ञेतल्या ‘विविधतेने नटलेल्या परंपरा’ आठवतात आणि शब्दाला आपोआप कौतुकाचा सूर लागतो. (‘पेपे ल मोको’मध्ये (१९३७) अल्जीरियन इन्स्पेक्टर स्लिमानची भूमिका रुमानियात जन्मलेल्या ल्युका ग्रिदू यांनी केली, तेथे परंपरा नव्हे, नटच नटला होता.) ‘वैविध्य’ त्या मानाने तटस्थ आहे.

‘फिल्म न्वार’चे (अंधाऱ्या, निराश वातावरणाच्या गुन्हेपटांना दिलेल्या नावाचे) ‘कृष्णपट’ मात्र करू नये. फ्रेंचमध्ये ‘न्वार’ हा शब्द काळ्या रंगासाठी आहे तसाच कृष्णवर्णीय माणसासाठीही आहे. या लेखात त्यामुळे हमखास घोटाळा होईल.

प्रश्नकर्ता :
आपणा दोघांचा आभारी आहे. मसुदा पुन्हा तपासला. ‘प्रतिनिधित्व’ आता एकाच परिच्छेदात उरले आहे, आणि तो नटसंघटनेच्या समितीविषयी आहे.