मदत हवी आहे: करेज्मातल्या शुक्रवारी कॅथलिक शेजाऱ्यांना जेवायला काय करू?

नमस्कार मंडळी. आम्ही म्हापशाला राहतो. समोरच्या कॅथलिक कुटुंबाला मी उत्साहाच्या भरात येत्या शुक्रवारी जेवायला बोलावून बसले, आणि मग लक्षात आलं की त्यांचा करेज्म (ईस्टरआधीचा उपासाचा काळ) चालू आहे! राखेच्या बुधवारी, म्हणजे करेज्म सुरू होतो त्या दिवशी, त्यांच्या कपाळावर राख पाहिली होती, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

एवढं माहीत आहे की या काळात शुक्रवारी मांस वर्ज्य, पण मासे चालतात. (आमच्याकडे सोमवारी मासेही नाहीत, त्यामुळे 'मासे खाऊन पाळणूक' ही कल्पना मला अजून पचायचीय.) म्हणून सुंगटांचं हुमण (कोळंबीचं कालवण), बांगडे तळून आणि सोलकढी असा बेत आहे. अडलंय ते बारीकसारीक गोष्टींत. पुलावात मी नेहमी चिकनची क्यूब टाकते, ती चालेल का? अंडी चालतात असं ऐकलंय, मग कॅरमेल पुडिंग करायला हरकत नाही ना? की अशा दिवशी गोडधोड वाढणंच बरं दिसणार नाही?

दुसरं म्हणजे त्यांच्या घरच्या आजी. त्या सत्तरीच्या पुढच्या आहेत. उपासाची सक्ती साठीच्या आतल्यांनाच असते म्हणतात, पण त्या हट्टाने एकदाच पोटभर जेवतात. त्यांना आग्रह करू की गप्प बसू?

शेजारणीलाच विचारलं असतं, पण ती लगेच 'काही नको गं, साधंच कर' म्हणेल. गोव्यातल्या कॅथलिक मंडळींनी, प्लीज, गुरुवारच्या बाजाराआधी सांगा.