नॅनोयंत्रांची ‘राखाडी राबडी’: दोन दिवसांत पृथ्वी फस्त, हे गणित कुठे अडतं?

खाडीपलीकडे
मंडळी, आमच्या नववीच्या मुलांना विज्ञान प्रदर्शनासाठी नॅनोतंत्रज्ञानाच्या (अणू-रेणूंच्या पातळीवर वस्तू घडवण्याच्या तंत्राच्या) धोक्यांवर फलक करायचा आहे. स्वतःची नक्कल करणारं एक सूक्ष्म यंत्र देवगडच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) सांडलं तर काय होईल, ही कल्पना मुलांचीच. मोबाइलवर फिरणाऱ्या एका व्हिडिओत १००० सेकंदांत एकाची दोन, मग चार, असं करत दोन दिवसांत पृथ्वी संपते. गुणाकार बरोबर दिसतो, निष्कर्ष मात्र गळी उतरत नाही. नेमकं कुठे अडतं? नववीला झेपतील असे आकडे हवेत. समुद्रात सांडलं तर गणित बदलेल का? आणि ही कल्पना मुळात कुणाची?

घातांक
गुणाकार बरोबरच आहे. अभियंते एरिक ड्रेक्सलर यांनी तो १९८६च्या पुस्तकात मांडला: १००० सेकंदांत एक नक्कल, १० तासांत ३६ दुपटी, ६८ अब्जांहून जास्त यंत्रं. नॅनोतंत्रज्ञानाचं मूळ भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांच्या २९ डिसेंबर १९५९च्या व्याख्यानात शोधतात, पण यंत्राने यंत्र घडवायचं तर त्याच्याकडे स्वतःचं लेखी वर्णन, ते वाचून बांधणारा भाग आणि वर्णनाचीच प्रत काढणारा भाग लागतो, हा विचार त्याआधीचा, गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांचा, १९४०च्या दशकातला.

एक सूचना आधीच. या संकटाला इंग्रजीत ‘ग्रे गू’ म्हणतात. फलकावर तसं लिहिलंत तर परीक्षक येईपर्यंत पोरं हसून लोळतील. ‘राखाडी राबडी’ चांगलं आहे.

मुलांना हिशोब स्वतः करू द्या. १० दुपटी म्हणजे साधारण हजारपट (नेमकं १०२४), एवढं पाठ असलं की घातांकाची भीती जाते. एका यंत्राचं वजन १ पिकोग्रॅम धरा, म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग, एखाद्या जिवाणूएवढा. १ टन व्हायला ६० दुपटी: ६०,००० सेकंद, १६ तास ४० मिनिटं. तिथून पृथ्वीएवढं वस्तुमान व्हायला फक्त आणखी ७२ दुपटी. एकूण ३६ तास ४० मिनिटं. म्हणजे एका टनापासून पृथ्वीपर्यंतचा प्रवास २० तासांचा. इथेच मुलांना थांबवा आणि विचारा: त्या २० तासांत माल आणला कुणी?

दुपटीचं गणित धरून चालतं की प्रत्येक यंत्राच्या हाताशी कायम ताजा माल आहे. ढीग झाला की आतली यंत्रं एकमेकांनाच टेकलेली असतात, खातात फक्त कडेची. समजा कडेचा ०.१ मिलिमीटर जाडीचा थर कामाला आहे आणि तो १००० सेकंदांत दुप्पट होतो. मग कड पुढे सरकण्याचा वेग = ०.६९३ × ०.१ मिमी ÷ १००० सेकंद. दिवसाला सुमारे ६ मिलिमीटर, वर्षाला २ मीटरच्या थोडं वर. सड्यावर शाळेपासून १०० मीटरवर सांडलं तर फाटकाशी यायला ४५ वर्षं. स्फोट होत नाही, वाळवीचं वारूळ सरकतं.

चिरेखाण
वरच्या उत्तरात माल आला, इंधन राहिलं. सड्यावर आहे काय? जांभा. त्यात लोखंड आणि ॲल्युमिनियम ऑक्सिजनशी घट्ट जखडलेले, कार्बन जवळपास नाहीच. यंत्र कार्बनचं असेल तर सडा त्याच्यासाठी उपाशी माळ आहे. लोखंडाचं असेल तर ऑक्सिजन सोडवायला ऊर्जा लागेल: आयर्न ऑक्साइडमधून १ किलो लोखंड मोकळं करायला किमान ७.४ मेगाज्यूल.

एक चिरा, म्हणजे बांधकामाचा जांभ्याचा ठोकळा, घ्या. ३६ × १८ सेंमीचा माथा, २३ सेंमी उंची, वजन ३० किलोच्या आसपास. त्यात लोखंड ३० टक्के धरलं तर ९ किलो, म्हणजे ६६ मेगाज्यूल. किनाऱ्यावर वर्षाची सरासरी धरली तर चौरस मीटरला दिवसाला साधारण १८ मेगाज्यूल ऊन पडतं (पावसाळ्यात बरंच कमी). चिऱ्याच्या माथ्यावर येतं १.१७. त्यातलं १० टक्के पकडणारं यंत्र म्हणजे चांगलंच यंत्र, तरी हाती ०.११७. एक चिरा खायला ५७० दिवस! आणि ही निसर्गनियमाने लागणारी किमान ऊर्जा आहे. खऱ्या कामात वाया जाणारी वेगळीच.

हाच हिशोब हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून कार्बन काढण्याचा करा. १ ग्रॅमला ३३ किलोज्यूल. तेवढ्याच उन्हात चौरस मीटरला दिवसाला जेमतेम ५५ ग्रॅम. जोमाने वाढणारं हिरवं पीक याच पट्ट्यात असतं. एकदा जमीन झाकली गेली की दुप्पट होणं थांबतं, मग रोजची ठरावीक भर, बस्स.

उन्हावर न थांबता आंब्याची बाग खाल्ली तर? इथे खरी भीती आहे, कारण झाड हे मालही आहे आणि सरपणही. समजा चौरस मीटरला १० किलो सुकं लाकूड-पाला. निम्मं बांधायला, निम्मं जाळायला. ५ किलो गुणिले १७ मेगाज्यूल म्हणजे ८५ मेगाज्यूल. हे एका दिवसात उरकलं तर चौरस मीटरला जवळपास १००० वॅट उष्णता, म्हणजे भर दुपारचं ऊन रात्रंदिवस खालून. उपग्रहाच्या अवरक्त कॅमेऱ्याला पहिल्याच रात्री दिसेल, आणि यंत्रं स्वतः भाजतील. नॅनोतंत्रज्ञानाचे अभ्यासक रॉबर्ट फ्रायटस यांनी २००० साली नेमका हाच मुद्दा जगभरासाठी मांडला: तापमान ४ अंशांहून फार न वाढवता सगळी जीवसृष्टी खायची तर सुमारे २० महिने लागतील. वेगाने खाल्लं तर उष्णतेने पकडले जाल, लपून खाल्लं तर लोकांना उपाय करायला वेळ मिळेल. व्हिडिओवाल्यांना हा शोधनिबंध सापडत नाही, दोन दिवसवाला आकडा मात्र बरोबर सापडतो.

दर्यावर
घातांक, तुमचं ‘कड’वालं गणित घन पदार्थापुरतं. पाण्यात यंत्रं सुटी तरंगतील, प्रवाह त्यांना पसरवील, प्रत्येकाच्या भोवती ताजं पाणी येत राहील. वाऱ्याने उडणाऱ्या धुळीचंही तेच. फलकावर नुसतं ‘६ मिमी’ लिहून सुटका नाही. खवचट परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारील.

समुद्रात अडतं ते दुसरीकडे. एक लिटर पाण्यात विरघळलेला अजैविक कार्बन सुमारे २८ मिलिग्रॅम. १ किलो कार्बनला ३६,००० लिटर पाणी उपसावं लागेल. तेही जमेल एकवेळ. लोखंड बघा: खुल्या समुद्राच्या पृष्ठभागावर लिटरला एक नॅनोमोलहूनही कमी, म्हणजे ५६ नॅनोग्रॅमच्या आत. १ ग्रॅमसाठी किमान एक कोटी ऐंशी लाख लिटरच्या आसपास. समुद्रातलं वनस्पतिप्लवंग (तरंगत्या सूक्ष्म वनस्पती) कित्येक ठिकाणी याच टंचाईने अडून राहतं, आणि त्याला तर कोट्यवधी वर्षांचा सराव. आपल्या खाड्यांच्या तोंडाशी जांभ्याची माती उतरते, तिथे लोखंड जास्त. पण त्याच गढूळपणाने पावसाळ्यात ऊन थोडंच खोल जातं. मीठ, मॅग्नेशियम, गंधक हवं तेवढं आहे, त्यातून मजबूत यंत्र कसं बांधणार ते सांगा.

खाडीपलीकडे
चिऱ्याचं गणित मुलांना फारच आवडलं, एक चिरा टेबलावर ठेवूनच दाखवणार आहेत. आता दोन शंका. एक, २०२१ मध्ये ‘पिलं घालणारे रोबॉट’ अशी बातमी होती, ती काय? दोन, जीवाणू हे करतातच ना? मग यंत्राला का जमू नये?

माडाखाली
बातमीतले रोबॉट म्हणजे आफ्रिकी बेडकाच्या पेशींचे गोळे. बशीत शास्त्रज्ञांनी सुट्या पेशी पसरल्या, गोळे फिरताना त्या ढकलून एकत्र झाल्या, त्यातून नवे गोळे झाले. पेशी पसरायचं थांबवा, वंश संपला. साधे गोळे लवकर थांबत. संगणकाने इंग्रजी ‘सी’सारखा आकार सुचवला तेव्हा पिढ्या थोड्या वाढल्या. शोध सुंदर आहे, राबडीशी संबंध नाही.

दुसरी शंका जास्त खोल. जीवाणूला जमतं, म्हणजे अशक्य नाही हे खरंच. पण काय किमतीत ते बघा. प्रयोगशाळेत कापून कापून लहान केलेला जिवाणू २०१६ साली जाहीर झाला: ४७३ जनुकं, दुप्पट व्हायला सुमारे ३ तास, तेही सगळं तयार अन्न आयतं मिळालं तर. पोटापाण्याचं स्वतः बघायचं म्हटलं की जनुकं वाढतात. १००० सेकंद म्हणजे १७ मिनिटंही नाहीत, ई. कोलाय उत्तम अन्नात २० घेतो. शिवाय एकेक अणू उचलून जागी ठेवणाऱ्या यंत्राच्या ‘बोटां’चा वाद आहेच. रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड स्मॉली म्हणत की बोटं स्वतःच अणूंची, म्हणून जाडी आणि चिकट. उचललेला अणू सुटणार नाही. ड्रेक्सलर म्हणत की तशी बोटं लागतच नाहीत, पेशीत प्रथिनं जोडणारा रायबोसोमही बोटांशिवाय जोडतो. २००३ साली दोघांची छापील जुंपली, निकाल लागला नाही. माझ्या मते स्मॉलींनी बोटांवर टीका केली आणि ड्रेक्सलरांनी बोटं कधी मागितलीच नव्हती, पण रायबोसोमचा आधार घेतला की यंत्र पाण्यातलं आणि मऊ होतं, आणि दगड खाणारं अजिंक्य यंत्र हातातून जातं.

२००४ मध्ये ड्रेक्सलर आणि ख्रिस फीनिक्स यांनीच लिहिलं की सुटं फिरून प्रती काढणारं यंत्र उत्पादनासाठी लागतच नाही. टेबलावर पक्का बसवलेला कारखाना पुरतो. नॅनोतंत्रज्ञानावर काम करणाऱ्या फोरसाइट इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शक नियमांचा गाभाही तोच: मोकळ्या निसर्गात प्रती काढू शकेल असं काही बनवूच नका. ते साधायचे तीन मार्ग मुलांना समजतील. वर्णन यंत्रात ठेवायचंच नाही, बाहेरून एकेक आज्ञा पाठवायची. आज्ञा थांबली की यंत्र ठप्प. निसर्गात न मिळणारा एखादा घटक सक्तीचा करायचा. आणि वर्णनाला अशी पडताळणी जोडायची की एक अक्षर बदललं तरी प्रत चालूच होऊ नये, म्हणजे चुकांमधून उत्क्रांती व्हायला वाव नाही.

आपल्याकडे याचा नमुना माडावर लटकतो. माडाच्या रसात साखर साधारण १५ टक्के, मडक्यात यीस्ट आयतंच. उतरवेपर्यंत आंबायला लागतो, माडी होते. पण यीस्ट काही माड खात सुटत नाही. साखर संपते, मद्यार्क ७–८ टक्क्यांच्या आसपास अडतो, मग दुसरे जिवाणू त्याचा शिरका करतात. आणि नीरा हवी असेल तर मडक्याला आतून चुना लावायचा, की यीस्ट कामालाच लागत नाही. अन्न, स्वतःचाच कचरा, प्रतिकूल भांडं: तिन्ही लगाम एका मडक्यात.

दर्यावर
माडीचं उदाहरण झकास, पण त्यातून ‘काही होत नाही’ असा अर्थ निघू नये. प्रती काढणारं जिवंत काही चुकीच्या जागी गेलं की काय होतं ते बंदरांना ठाऊक आहे. मध्य अमेरिकेतला मायटिलॉप्सिस सॅली हा शिंपला, आपल्या शिनाण्याचा लांबचा भाऊबंद, मुंबई आणि विशाखापट्टणमच्या बंदरांत ठाण मांडून आहे. तो १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला सापडला, तेव्हा तिथल्या नौकातळांना पाणी अडवणारे दरवाजे होते आणि प्रसार नुकताच सुरू झाला होता; दरवाजे बंद करून क्लोरीन आणि मोरचूद ओतलं, समूळ गेला. मुंबईच्या उघड्या बंदरात तो पर्यायच नाही. म्हणून जहाजांच्या तोलपाण्याचे (तोल राखायला जहाजात भरलेल्या पाण्याचे) नियम आले, २०१७ पासून लागू: सोडलेल्या पाण्याच्या घनमीटरमध्ये ५० मायक्रॉनहून मोठे जिवंत जीव १० पेक्षा कमी. नॅनोयंत्रांसाठी नियम लिहायची वेळ आली तर मसुदा इथूनच उचलावा लागेल.

आणि मुलांना आजची काळजी सांगायची असेल तर ती धातूच्या यंत्रांची नाही, आरशातल्या जिवाणूंची आहे. रेणूंची ठेवण हातांसारखी डावी किंवा उजवी असू शकते; आपल्या सगळ्या सजीवांची प्रथिनं डावी, शर्करा उजवी. दोन्ही उलटे असलेला जिवाणू अजून कुणी बनवलेला नाही, पण डिसेंबर २०२४ मध्ये ३८ शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’मध्ये बजावलं की बनवूच नये. त्याला खाणारे विषाणू आणि आदिजीव त्याला ओळखणार नाहीत, शरीराची प्रतिकारशक्तीही नीट ओळखणार नाही. चिऱ्याच्या गणितातले लगाम त्यालाही लागू आहेत, फक्त शिकाऱ्यांचा लगाम सुटलेला.

माडाखाली
प्रयोग ठेवायचा असेल तर हा ठेवा, माडी शाळेत नको. अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या, प्रत्येकीत २०० मिली कोमट पाणी (३५ ते ४० अंश, हाताला चटका लागला तर यीस्ट मेलं) आणि ३ ग्रॅम सुकं यीस्ट. पहिलीत १० ग्रॅम साखर, दुसरीत ५, तिसरीत १० ग्रॅम साखर आणि २० ग्रॅम मीठ. तोंडाला फुगा, दोऱ्याने घट्ट. १० ग्रॅम साखरेतून जास्तीत जास्त तीन लिटरच्या आत वायू निघतो, म्हणून फुगे मोठे घ्या आणि आधी एकदा तोंडाने फुगवून सैल करून ठेवा. आदल्या रात्री लावा. सकाळी दुसऱ्या बाटलीचा फुगा पहिल्याच्या निम्म्यावर अडलेला असावा, मिठाचा जेमतेम उभा.

तिसऱ्या बाटलीत मिठाऐवजी चुना घालायचा मोह होईल. घालू नका, चुना कार्बन डायऑक्साइड स्वतःच शोषतो, फुगा त्यामुळेही पडतो आणि मुलं भलताच निष्कर्ष काढतात. फुगा वाढणं म्हणजे यीस्ट दुप्पट होणं नव्हे, तो फक्त किती साखर खाल्ली ते दाखवतो, हेही खाली लिहा. आणि कुणी कितीही सुचवलं तरी फुग्याऐवजी बूच लावू नका, बाटली फुटते.

खाडीपलीकडे
बूच लावायचं एकाने आधीच सुचवलं होतं. आभारी आहे मंडळी. मोठे फुगे आणि चिरा, दोन्हीची सोय झाली.